पुढची जागा सुभान आबाची

सुभान आबानं मला पहिल्याच दिवशी मारलं. पोटरीवर, हातातल्या बांबूच्या कामटीनं, आणि तेही जळगावहून आलेल्या चार डॉक्टरांदेखत. माझा गुन्हा एवढाच की सागाच्या वाळक्या पानावर माझा पाय पडला आणि पान वाजलं.

"तुन्हं कालेज डोकामा शे," तो मागं न वळता म्हणाला, "पायमा उतरेल नही."

डॉक्टर हसले. मी बी.एस्सी. होतो, प्राणिशास्त्र घेऊन. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस. खरं तर मॅट्रिकचंही मीच पहिल्यांदा पाहिलं. बाप यावलच्या बागांमधून केळीचे घड वाहायचा. निकाल लागला त्या दिवशी त्यानं माझी मार्कशीट बुद्धवाड्यातल्या प्रत्येक घरी नेऊन दाखवली होती, स्वतःला एक अक्षर वाचता येत नसताना. अशा बापाच्या मुलाला एका अडाणी माणसानं बैलासारखा फटका मारावा, हे मला सोसलं नाही. पण दुसरी नोकरी नव्हती. पोटरी चोळली आणि चालू लागलो.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावचे एक निवृत्त ठेकेदार होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. यावल-चोपडा रस्त्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी त्यांचं शेत होतं. तिथं ते दिवाळीपासून मोहाचा हंगाम सरेपर्यंत तंबू ठोकून शिबिर चालवायचे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक अशी माणसं बायकामुलं घेऊन यायची, पहाटे जंगलात फिरायची, दुपारी वांग्याचं भरीत नि कळण्याची भाकरी खाऊन झोपायची. वाटाड्या म्हणून चोपड्याकडचा सुभान तडवी, सातपुड्यातल्या मुसलमान भिल्लांपैकी. आणि पाव्हण्यांना पाखरांची, झाडांची नावं सांगायला, चार वाक्यं इंग्रजीत बोलायला मी.

आबा तेव्हा पंचावन्नच्या पुढचा असेल. अंगानं काटकुळा, पायात कधी वहाण नाही. हनुवटीवर सात-आठ पांढरे केस, त्यांना तो दाढी म्हणायचा आणि कुणी हसलं तर त्या माणसाला त्या दिवशी सगळ्यात काटेरी वाटेनं न्यायचा. वाटेत पाणी प्यायचा नाही, पिऊ द्यायचा नाही. अस्वलाची विष्ठा दिसली की पाव्हण्यांना गुडघ्यावर बसवून वास घ्यायला लावायचा. "घ्या. ह्यानी तुम्हना वास कवयच लेयल शे," म्हणायचा, म्हणजे अस्वलानं तुमचा वास केव्हाच घेतलाय. एका जाड्या वकिलाला त्यानं टेकडीवर तीनदा चढवलं नि तीनदा उतरवलं, कारण काय तर त्याच्या खिशात पेपरमिंट होती आणि तिचा कागद वाजला होता. माणसं चिडायची, पण परतल्यावर तेच किस्से सांगत बसायची. त्याच्यासारखं जनावर दाखवणारा दुसरा नव्हता.

त्याचा एकच हट्ट होता, तो म्हणजे त्याच्या पुढं कुणी चालायचं नाही.

हा नियम जंगलापुरता नव्हता. नानांचं कुत्रं पुढं पळालं तर त्याला लाथ घालून मागं आणायचा. अडावदच्या बाजाराला गेला की बायको दहा पावलं मागं. ती वारली तेव्हा मयताच्याही पुढं चालला, असं त्याच्या पाड्यावरची माणसं सांगायची. मौलवी रागावले तर म्हणाला, "मंग वाट कोन दाखाडी तिले?"

एकदा नाल्यात बसलो होतो. माझ्या टाचेतला बाभळीचा काटा तो सुरीच्या टोकानं काढत होता, हळू वगैरे काही नाही, मांस उकरत होता. मी ओरडू नये म्हणून की काय, त्यानं स्वतःच बापाची गोष्ट काढली. त्याचा बाप शिकारीत हाकारा घालायचा. कुण्या जमीनदाराची गोळी बिबट्याच्या मांडीत बसली आणि बिबट्या घाणेरीच्या जाळीत शिरला. जखमी जनावराच्या मागं जाळीत जाणार कोण?

"बापले पुढे धाडं त्यास्नी," आबा म्हणाला.

"आणि?"

"आनि काय? अर्धा बाप घर उना," म्हणजे घरी आला तो अर्धाच.

मी म्हणालो, "मग तुम्हाला राग नाही येत त्या लोकांचा? त्यांनी मुद्दाम त्याला पुढं घातला."

त्यानं काटा काढून माझ्या तळहातावर ठेवला. "तू येडा शे. पुढला मरस, पन देखीसन मरस. मांगला नुसताच मरस."

मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं. पण खोटं कशाला बोलू, त्या पुढच्या जागेची मलाही भूक होती. माझ्या आज्याला गावात पाटलाच्या पुढं चालायची सोय नव्हती. पाटील चालला की हा थांबायचा, सावली पडणार नाही एवढं अंतर सोडून मागून यायचा. बाप बागेत मुकादमाच्या मागं चालला. मी शिकलो ते कुणाच्या मागं चालायला नाही, असं मी हॉस्टेलच्या खोलीत किती वेळा म्हटलं असेल. आणि इथं पदवी घेऊन रोज सकाळी एका तडव्याच्या उघड्या टाचा बघत चालत होतो.

त्याची जागा गेली ती रानकुत्र्यांच्या पायी.

फेब्रुवारीच्या अखेरीला धुळ्याहून तीन कुटुंबं आली होती. आबानं त्यांना एका उतारावर दगडाआड बसवलं, आणि खालच्या सपाटीवर पाच रानकुत्र्यांनी एक भेकर आणलं. आणलं म्हणजे ते जिवंत होतं. रानकुत्रे गळा धरत नाहीत, मागून खायला सुरुवात करतात. भेकर उभं होतं आणि ते खात होते. ते आमच्याकडं बघत होतं, असं सगळ्यांनाच वाटलं. एक बाई हुंदके द्यायला लागल्या. त्यांच्या नवऱ्यानं दगड उचलला. आबानं त्याचं मनगट असं दाबलं की दगड आपोआप पडला.

"बठ्ठा खाली बसा."

"अहो, पण ते जिवंत आहे!" बाई म्हणाल्या.

"हाव. रडू नको माय. त्यास्नी न्याहारी चालू शे."

आणि त्यानं त्यांना शेवटपर्यंत बघायला लावलं. कुणी डोळे मिटले तर कामटीनं खांद्यावर टोचायचा. भेकर पडल्यावर तो उठला, कामटी आपटत सरळ त्या कुत्र्यांमध्ये गेला. ती गुरगुरत दहा-वीस पावलं मागं सरली. यानं कमरेची सुरी काढली, एक मागची तंगडी जी शाबूत होती ती कापली, खांद्यावर टाकली आणि वर आला. कुत्री पुन्हा जेवायला बसली.

"त्यास्ना वाटा त्यास्ले, मन्हा वाटा माले," तो म्हणाला.

त्यांच्या पाड्यात ही जुनी रीत होती. आजा-पणजा असाच वाटा उचलत आले. कायद्यानं तो गुन्हा आहे, हे त्याला माहीत होतं आणि तो ते बुजगावण्याइतकंच मानत होता. पण सदऱ्यावर रक्त ओघळतंय, खांद्यावर तंगडी, आणि हा त्याच तंगडीसकट त्या बाईंच्या पुढं चालतोय, हे शहरातल्या माणसांना कसं चालणार? दुपारी तिन्ही कुटुंबं तंबू सोडून गेली. जाताना नानांना काय बोलायचं ते बोलली.

संध्याकाळी नानांनी मला बोलावलं. "उद्यापासून लाइन तू घे. त्याला मागं टाक, पाण्याचा डबा दे हातात. त्याला काढता येत नाही, जंगल त्याला ठाऊक आहे. पण पाव्हण्यांसमोर तोंड उघडू देऊ नको."

मी हे आबाला हळूच, एकीकडं घेऊन सांगू शकलो असतो. मी त्याला चुलीजवळ, आचारी नि पाणक्यादेखत सांगितलं. "आबा, उद्यापासून पुढं मी. तुम्ही मागं राहायचं आणि गप राहायचं."

तो भाकरी मोडत होता. "कोन म्हने? नाना म्हने का तू म्हनस?"

मी म्हणालो, "मी म्हणतो."

आचारी खाली बघायला लागला. आबानं तो घास चावला, गिळला आणि म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवसापासून तो पत्र्याचा पाण्याचा डबा खांद्यावर घेऊन ओळीच्या शेवटी चालू लागला. मला वाटलं होतं भांडेल, निघून जाईल. तो एक शब्द बोलला नाही. माझी पानं वाजायची, पाव्हण्यांची वाजायची, पत्र्याच्या डब्यातलं पाणी मात्र वाजायचं नाही. त्या महिन्यात आम्हाला धड काही दिसलं नाही. रोही दिसले, मोर दिसले, एकदा साळिंदराचे काटे सापडले. पण मी झाडांची शास्त्रीय नावं सांगायचो, कुणाला दटावायचो नाही, पाहुणे खूश होते. आणि मला पुढं चालताना जे वाटायचं ते मी अजून कशातच अनुभवलेलं नाही, नोकरीतही नाही. समोर कुणाचीही पाठ नाही, नुसती वाट.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हंगाम संपत आला होता. शिबिरात पाहुणे दोनच, चाळीसगावच्या शाळेतल्या एक बाई आणि त्यांचे यजमान. यजमानांचा आदल्या दिवशी पाय मुरगळला होता, ते तंबूतच राहिले. बाईंना मोहाखालचं अस्वल बघायचंच होतं. बाई फार चांगल्या होत्या. मी सांगेन ते वहीत उतरवून घ्यायच्या. आणि मला 'सर' म्हणायच्या. जन्मात पहिल्यांदा कुणी मला सर म्हटलं ते त्यांनी.

पहाटे निघालो. पुढं मी, मध्ये बाई, शेवटी डबा घेऊन आबा.

मोहाच्या झाडाखालची जमीन लोक आधी जाळून ठेवतात. पालापाचोळा जळून काळी राख राहते, तिच्यावर रात्रीतून फुलं पडली की पिवळसर पांढरी, अशी उठून दिसतात की वेचायला सोपी. माणसं टोपल्या घेऊन उजाडता येतात. अस्वल त्यांच्या आधी येतं. म्हणून त्या राखेत कोण आलं-गेलं ते सगळं उमटलेलं असतं.

तिसऱ्या झाडाखाली राखेत मला पावलं दिसली. अनवाणी, लहान, पाच-सहा वर्षांच्या पोराची असावीत तशी. फुलंही बरीच गेलेली. मी बाईंना म्हणालो, "पोरं वेचून गेलीत इथून. म्हणजे या बाजूला अस्वल नाही. आपण पुढच्या नाल्याकडं जाऊ, मोकळेपणानं चला."

"म्हणजे बोललं तरी चालेल का सर?"

"हो हो, बोला ना."

पुढं निघताना मी मागं पाहिलं. आबा राखेपाशी वाकला होता. डबा तसाच खांद्यावर. मग त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मीही त्याच्याकडं पाहिलं. त्यानं तोंड उघडलं असं मला वाटलं, पण तो काही बोलला नाही. सरळ झाला आणि चालू लागला.

अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखाच उमटतो, हे मला पुस्तकातून पाठ होतं. परीक्षेत लिहून गुण घेतले होते. पण तो मोठा ठसा. पिल्लाचा ठसा पोराच्या पावलासारखा असणार, हा सरळ हिशोब मला राखेसमोर उभं राहून जमला नाही.

नाल्याच्या काठावर करवंदीची जाळी होती. पिल्लू तिच्यात होतं. ते कोकललं, आणि आई जाळीच्या दुसऱ्या बाजूनं आली. धावत आली ती माझ्यावरच. मी पुढं होतो.

मी बाजूला झालो. मी ठरवून केलं नाही, पाय गेले. आणि माझ्या मागं बाई होत्या.

अस्वल माणसाला मारतं ते तोंडावर. पुढच्या पंजाचा एकच फटका. बाईंनी हाकसुद्धा मारली नाही. मी पळसाच्या बुंध्याला चिकटून उभा राहिलो. मग डब्यावर सुरीची मूठ आपटल्याचा आवाज आला आणि आबा ओरडत मागून आला, मला ओलांडून गेला, बाई नि अस्वलाच्या मध्ये शिरला. त्यानं डबा अस्वलाच्या तोंडावर फेकला. अस्वलानं त्याच्या डाव्या हातावर एक ओरखडा ओढला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि ते पिल्लाकडं वळलं नि निघून गेलं. सगळं मिळून पाणी उकळायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही.

बाई जगल्या. एक डोळा गेला, आणि गालाचं जे झालं ते मी लिहीत नाही.

त्यांना आळीपाळीनं पाठीवर घेऊन उतरताना मी आबाला विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"पोरं येतीन तं टोपली ठेवतीन का नही खाली? राखमा टोपलीनी गोल निशानी कोठे व्हती?"

"मग बोललात का नाही?"

"तू म्हने ना, मांगे ऱ्हाय, गप ऱ्हाय." बाईंचं रक्त त्याच्या मानेवरून ओघळत होतं. "माले वाटनं, तुले मारी. तू सरकशी हाई माले वाटनं नही." म्हणजे अस्वल मला मारील असं त्याला वाटलं होतं, मी बाजूला सरकेन असं नाही.

जीपनं तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी बाईंना आत घेतलं, जळगावला हलवायची तयारी सुरू झाली. अंगणातल्या कडुलिंबाखाली नाना, बाईंचे यजमान आणि जबाब घ्यायला आलेला एक जमादार. यजमान एका पायावर लंगडत येरझारा घालत होते. जमादारानं मांडीवर कागद ठेवून विचारलं, "पुढं कोण होतं?"

मी म्हणालो, "आबा."

नानांनी माझ्याकडं पाहिलं. "मी तर लाइन तुला दिली होती."

"आज आबांनी हट्ट धरला," मी म्हणालो. माझा आवाज कापलासुद्धा नाही. बापाचं तोंड डोळ्यांपुढं होतं, मार्कशीट घेऊन घरोघर फिरणारं. त्याच घरांमधून आता त्यानं काय सांगत फिरायचं?

जमादार आबाकडं वळला. "काय रे? तू होतास पुढं?"

आबा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तो खरं बोलला असता तर माझं सगळं तिथंच संपलं असतं. मी खोटं बोलतोय हे नानांना कळतच होतं. आबानं माझ्याकडं पाहिलं. मग तो उठून उभा राहिला.

"मीच व्हतो पुढे," तो म्हणाला. "पुढे मीच ऱ्हास."

आणि मग तो सांगत सुटला. कोणत्या मोहाखालून नेलं, राखेत काय दिसलं, आपल्याला ते कसं पोराचं पाऊल वाटलं, जाळी कोणत्या हाताला होती. माझी चूक त्यानं जशीच्या तशी स्वतःची करून सांगितली. त्याचे डोळे चमकत होते. महिनाभर न बोललेला माणूस, पहाटेची सगळी वाट त्यानं पुढून चालून दाखवली. "आनि हाऊ मांगे व्हता," माझ्याकडं हनुवटी करून म्हणाला, "पानीना डबा लीसन. ह्यानी काही चुकी नही. मांगलाले काय दिसस?"

जमादारानं ते लिहून घेतलं. यजमान लंगडत आले आणि त्यांनी आबाच्या थोबाडीत मारली. एक, मग दुसरी. आबानं हात वर केला नाही.

"मारा साहेब," तो म्हणाला. "पुढलालेच मारतस."

नानांनी त्याला पुन्हा शिबिरात पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी शिबिरच लागलं नाही. मी बी.एड. केलं, पाचोऱ्याला शाळेत लागलो, तिथूनच निवृत्त झालो. बाईंनी पुढं कुणाला खरं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी विचारायला गेलो नाही. आबाच्या पाड्यावर अजून सांगतात म्हणे, अस्वल आलं तेव्हा पुढं सुभान होता. आता हे लिहून मी त्याला दुसऱ्यांदा मागं टाकतोय, हे मला कळतं. पण खरं ते खरं.

त्या दिवशी यजमानांना लोकांनी आवरल्यावर आबानं डोक्याचं फडकं सोडून हाताला गुंडाळलं. त्या हाताकडं तोवर कुणी पाहिलंच नव्हतं, ना डॉक्टरांनी, ना मी. मी म्हणालो, "आबा, टाके घालून घ्या." तो फाटकाकडं निघाला, आणि चार पावलांवर जाऊन मागं न वळता म्हणाला, "चाल."

मी गेलो. भर दुपार होती, यावलच्या बाजारात गर्दी होती, हातगाड्या, सायकली, बैलगाड्या. तो गर्दीत शिरला की दिसेनासा व्हायचा. पण फडकं भिजून गेलं होतं आणि धुळीत थोड्या थोड्या अंतरावर ठिपके पडत होते. मी मान खाली घालून एस.टी. स्टँडपर्यंत त्या ठिपक्यांच्या मागून गेलो. वाट कुठंच चुकली नाही.